गिरणगावच्या मुलाखती, सबटायटल्स आणि सॉफ्टवेअरचा खर्च: एक हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लालबाग-परळमधल्या निवृत्त गिरणी कामगारांच्या चाळीस तासांच्या मुलाखती तुमच्याकडे आहेत. त्या उतरवून काढायच्या आहेत. त्यातून वीस-वीस मिनिटांचे दहा भाग करायचे आणि त्यांना मराठी व इंग्रजी सबटायटल्स द्यायची आहेत. निम्म्याहून जास्त रेकॉर्डिंग कॉलर माइकवर झालंय, बारा तास मोबाइलवर आहे आणि सहा तास जुन्या कॅसेटवरून घेतलंय. हाताशी लाखभर रुपये आहेत. यासाठी कुठलं ट्रान्स्क्रिप्शन सॉफ्टवेअर सगळ्यात स्वस्त पडेल?

मी सतरा वर्षं मुंबईत सबटायटलिंगचं काम करते. त्या अनुभवावरून आधीच सांगते: तुम्ही ज्या दरांची तुलना करताय, त्यांतल्या सगळ्यात महागड्या आणि सगळ्यात स्वस्त पर्यायात तुमच्या कामापुरता चार हजारांचा फरक आहे. खरे पैसे जातात ते मशीनने काढलेला मजकूर दुरुस्त करण्यात, आणि तिथला फरक तीस-चाळीस हजारांचा असतो. त्यामुळे ‘मिनिटाला किती’ याच्या आधी ‘दुरुस्तीला किती वेळ’ हे बघा.

तरी दर आधी बघून टाकू, म्हणजे ती शंका मिटेल. चाळीस तास म्हणजे २४०० मिनिटं. हिशेबाला सोपं म्हणून डॉलर ९० रुपये धरते. ओपनएआयच्या व्हिस्पर या आवाजाचा मजकूर करणाऱ्या मशीनचा ऑनलाइन दर मिनिटाला ०.००६ डॉलर आहे. तुमचं अख्खं काम त्यात १४.४० डॉलरमध्ये, म्हणजे सुमारे १,३०० रुपयांत होतं. गूगल क्लाउडच्या जुन्या पद्धतीत दर ०.०२४ डॉलर आहे, म्हणजे साधारण ५,२०० रुपये. तिथेच, तुमचा आवाज कंपनीला पुढच्या सुधारणांसाठी वापरू दिलात तर दर ०.०१६ वर येतो आणि बिल होतं ३,४५० च्या आसपास. ही सवलत तुम्ही घेऊ नका असं माझं मत आहे, कारण खाली लिहिते. बंगळुरूच्या सर्वम या कंपनीचा दर रुपयांत आहे, तासाला ३० रुपये. म्हणजे चाळीस तासांचे १,२००, आणि डॉलरची भानगड नाही.

या आकड्यांवर कर चढतो. जीएसटी १८ टक्के. परदेशी कंपनीला कार्डाने पैसे दिलेत तर बँक परकीय चलनाचं शुल्क लावते, बऱ्याच कार्डांवर ते दोन ते साडेतीन टक्के असतं आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला आधी मंजुरी द्यावी लागते, आणि १५,००० च्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपी. त्यामुळे महिन्याच्या वर्गणीवर चालणारं परदेशी सॉफ्टवेअर ऐन कामात बंद पडू शकतं. माझं एकदा पडलंय, शुक्रवारी संध्याकाळी, सोमवारी भाग द्यायचा असताना.

वर्गणीच्या पॅकेजांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ‘महिन्याला इतकी मिनिटं’ अशा योजना दिसायला स्वस्त दिसतात. पण न वापरलेली मिनिटं बहुतेक ठिकाणी महिनाअखेरीस जातात, आणि तुमचं काम महिन्याला सारखं येणारं नाही. एका महिन्यात तीस तास टाकाल, मग दोन महिने नुसती दुरुस्ती चालेल. काही वर्षांपूर्वी मी एका परदेशी सेवेची वर्षाची वर्गणी एकदम भरली. तिसऱ्या महिन्यात कळलं की मराठीचा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर काढता येतो, पण टाइमकोडसकट, म्हणजे कुठली ओळ कधी येते त्या वेळांसकट, एसआरटी ही सबटायटलची फाइल हवी असेल तर वरचं पॅकेज घ्यावं लागतं. विकत घेण्याआधी मी दहा मिनिटांची फाइल टाकून ती एसआरटीमध्ये उतरवून बघायला हवी होती. तेव्हापासून मी हेच आधी बघते: काम बाहेर कसं निघतं. तुम्हीही तेच करा. आणि जिथे वापराल तेवढ्याचेच पैसे लागतात, तिथेच जा.

आता मूळ मुद्दा. तुमच्यासारखंच एक रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं होतं. चिंचपोकळीच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, डोक्यावर पंखा, आत कुकर, खाली पोरांचं क्रिकेट. आजोबा मूळचे कुडाळकडचे. त्यांचं वाक्य असं होतं:

‘मी तवा त्रासनात बदली होतो, जॉबरनं हाक मारली की जायचं.’

मशीनने काढलं:

‘मी तेव्हा त्रासात बदलीवर होतो, जॉब वर ना हाक मारली की जायचं.’

नीट बघा. ‘त्रासन’ म्हणजे सूतकताईचं खातं. थ्रॉसल या इंग्रजी शब्दाचं गिरणीतल्या माणसांनी केलेलं रूप. ‘बदली’ म्हणजे कायम नसलेला कामगार, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी उभा राहणारा. ‘जॉबर’ म्हणजे माणसं कामाला लावणारा मुकादम. मशीनने या तिन्ही शब्दांना ओळखीचे शब्द लावले. वाक्य वाचताना खटकत नाही, आणि हीच भीती आहे. चुकीचं वाक्य नीट मराठीत आलं की तपासणाऱ्याचा डोळा त्यावरून सरकतो. ‘तवा’चं ‘तेव्हा’ केलं तेही मला मान्य नाही. आजोबा ‘तवा’ म्हणाले, तर कागदावर ‘तवा’च हवं. साचाखातं, धोटा, कांडी, बोनस, खानावळ, करी रोड, भारतमाता असे शब्द तुमच्या चाळीस तासांत हजारो वेळा येणार आहेत.

यावर एक फुकटचा उपाय आहे आणि फार कमी लोक वापरतात. व्हिस्परला सुरुवातीला थोडा मजकूर देता येतो, त्यावरून ते शब्द कसे लिहायचे याचा अंदाज घेतं. मात्र त्यात २२४ टोकनचीच जागा असते (टोकन म्हणजे मशीन मजकुराचे करतं ते छोटे तुकडे), आणि देवनागरीचा एकेक शब्द अनेक टोकन खातो. त्यामुळे दोनशे शब्दांची यादी चिकटवून उपयोग नाही. पंधरा-वीस शब्द निवडा आणि ते साध्या वाक्यांत गुंफून द्या: ‘तो साचाखात्यात होता, मी त्रासनात बदली होतो, जॉबर मालवणचा होता.’ गूगल आणि ॲमेझॉन दोघांकडेही शब्दयादी देण्याची सोय आहे, तिथे जास्त शब्द बसतात.

व्हिस्परबद्दल आणखी दोन गोष्टी. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ते खुलं झालं. ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं आहे, पण त्यात मराठीचा वाटा फार थोडा. भाषा तुम्ही सांगितली नाहीत तर ते पहिल्या तीस सेकंदांवरून ठरवतं. आणि मुलाखतीचे पहिले तीस सेकंद बहुतेक वेळा ‘हॅलो, माइक चालू आहे का, नाव सांगा’ यातच जातात. मग ते हिंदी ठरवतं आणि पुढचा तासभर ‘नाही’चं ‘नहीं’ आणि ‘ळ’चा ‘ल’ करत बसतं. भाषा मराठी आहे हे हाताने सांगा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. व्हिस्पर शांततेत शब्द घालतं. पंख्याचा आवाज असेल आणि माणूस गप्प असेल, तर त्या जागी ‘धन्यवाद’, ‘चॅनलला सबस्क्राइब करा’ अशा ओळी येतात, कारण ते इंटरनेटवरच्या व्हिडिओंच्या मजकुरावर शिकलेलं आहे. तुमच्या मुलाखतींत १८ जानेवारी १९८२ येणार. अडीच लाख माणसांचा संप, आणि नंतर घरोघरी काय झालं ते. त्या ठिकाणी माणसं थांबतात. माझ्याकडच्या त्या आजोबांना विचारलं होतं, ‘पोरांच्या शाळेचं काय केलंत?’ त्यानंतर अकरा सेकंद फक्त पंखा ऐकू येतो. मशीनने तिथे ‘धन्यवाद’ लिहिलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर त्या माणसावर अन्याय झाला असता. त्यामुळे तुमच्या रेकॉर्डिंगचा एकही मिनिट कानाने ऐकल्याशिवाय जाता कामा नये. दुरुस्तीचा खर्च टाळता येत नाही तो यासाठी.

आता तो खर्च मोजू. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला तासाला ३०० रुपये धरले. आवाज स्वच्छ असेल, बोलणं प्रमाण मराठीच्या जवळचं असेल, तर तासाभराच्या रेकॉर्डिंगला मला तीन तास लागतात. गोंगाट आणि बोली असेल तर सहा. कॅसेटवरचा घरघरता आवाज असेल तर मी मशीन बाजूला ठेवते, आठ तास धरते आणि सरळ हाताने उतरवते. या हिशेबाने चाळीस तास सगळे स्वच्छ असते तर दुरुस्ती ३६,००० रुपयांत झाली असती. सगळे गोंगाटाचे असते तर ७२,०००. सॉफ्टवेअरच्या दरांतला फरक चार हजारांचा आणि आवाजाच्या दर्जाचा फरक छत्तीस हजारांचा. अजून मुलाखती व्हायच्या असतील तर लॅमिंग्टन रोडवर जाऊन तारेचा कॉलर माइक घ्या, हजाराच्या आसपास मिळतो. मुलाखतीपुरता पंखा बंद ठेवायची विनंती करा. एवढ्याने जे वाचेल ते कुठल्याही सॉफ्टवेअरने वाचणार नाही.

तुमच्या बाबतीत मी तीन ढीग करीन. कॉलर माइकचे बावीस तास मशीनला द्या आणि मग दुरुस्त करा: ६६ तासांचं काम. मोबाइलवरचे बारा तास मशीनला द्या, पण त्यातून ओळी आणि टाइमकोड मिळाले तरी खूप झालं असं समजा: ७२ तास. कॅसेटचे सहा तास हाताने: ४८ तास. एकूण १८६ तास, म्हणजे ५५,८०० रुपये.

मोबाइलच्या ढिगासाठी माझी एक पद्धत आहे. थेट प्रक्षेपणाची सबटायटल्स करणारे लोक ती फार पूर्वीपासून वापरतात. हेडफोन लावायचा, मूळ आवाज ऐकायचा आणि तेच वाक्य आपण शांत खोलीत, चांगल्या माइकवर, स्पष्ट उच्चारून पुन्हा बोलायचं. गूगल डॉक्समधलं व्हॉइस टायपिंग मराठीत चालतं आणि फुकट आहे. गोंगाटातल्या मालवणीपुढे जे मशीन गडबडतं, ते तुमच्या आवाजातलं मराठी बरंच बरोबर पकडतं. बोलीतले शब्द नंतर हाताने घालायचे. माझ्या हाताखालच्या एका मुलीने या पद्धतीने सहा तासांचं काम साडेचार तासांवर आणलं. ती स्वतः सावंतवाडीची आहे, आणि तिचा कान हे खरं कारण आहे. दुरुस्तीला माणूस निवडताना टायपिंगच्या वेगापेक्षा हे बघा: कोकणातल्या माणसाची मुलाखत कोकणच्या कानाकडे, साताऱ्या-कोल्हापूरकडच्या माणसाची घाटावरच्या कानाकडे.

स्वतःच्या कॉम्प्युटरवर मशीन चालवायचं का, असंही तुम्ही विचारलंय. व्हिस्पर खुलं आहे, एमआयटी परवान्याखाली आहे, पैसे पडत नाहीत. सगळ्यात मोठं मॉडेल मूळ स्वरूपात चालवायला ग्राफिक्स कार्डवर साधारण १० जीबी मेमरी लागते, पण फास्टर-व्हिस्परसारख्या हलक्या आवृत्त्या त्याहून बऱ्याच कमीत चालतात. तुमच्या एडिटरकडे गेमिंगचा किंवा एडिटिंगचा कॉम्प्युटर असेल तर रात्री लावून द्या, सकाळी मजकूर तयार. ३०० वॅटचं मशीन आठ तास चाललं तर अडीच युनिटच्या आत वीज, म्हणजे पंचवीस रुपये. पण फक्त या कामासाठी पन्नास हजारांचं कार्ड विकत घेणार असाल तर घेऊ नका. तेराशे रुपयांचं काम आहे ते. मद्रास आयआयटीतल्या एआयफोरभारत या गटाने भारतीय भाषांसाठी खास बनवलेली मॉडेल्सही खुली आहेत आणि मराठीसाठी करून बघण्यासारखी आहेत. मात्र ती बसवायला प्रोग्रॅमिंग येणारं कोणीतरी लागतं.

स्वतःच्या कॉम्प्युटरवर काम करण्याचं खरं कारण पैशांचं नाही. तुमच्या मुलाखतींत लोक कर्ज, दारू, घरातली भांडणं, युनियनमधली मारामारी, नावं घेऊन बोलले असणार. ज्यांनी तुम्हाला घरात बसवून सांगितलं, त्यांनी ते एखाद्या कंपनीच्या सर्व्हरला सांगितलेलं नाही. म्हणून वर म्हटलं, की आवाज कंपनीला वापरू देऊन मिळणारी सवलत घेऊ नका. तुमच्या कामात तिची किंमत सतराशे रुपये आहे. नाजूक मुलाखती वेगळ्या काढा आणि तेवढ्या तरी घरच्या मशीनवरच करा.

ऑनलाइन पाठवणार असाल तर दोन खबरदाऱ्या. ओपनएआयकडे एका फाइलला २५ एमबीची मर्यादा आहे. आवाज मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा करा, ६४ केबीपीएसचा एमपी३ करा, म्हणजे पन्नास मिनिटं एका फाइलमध्ये बसतात. आणि मोनो केलेलं असेल तर दुसऱ्या ठिकाणीही फायदा होतो: दोन चॅनल वेगवेगळे ओळखायला सांगितले तर गूगल दोन्हींचे पैसे लावतं. दोन माइक दोन चॅनलवर असतील तर प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा वेगळे मिळतात, ते सोयीचं आहे, पण बिल दुप्पट होणार हे धरून चला.

सबटायटल्सचं काम यानंतर सुरू होतं, आणि त्याला वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. विंडोजवर सबटायटल एडिट वापरा. फुकट आहे, खुलं आहे, आवाजाची लहर समोर दिसते, व्हिस्पर त्यातूनच चालवता येतं आणि हवं त्या प्रकारात फाइल निघते. माझं निम्मं काम आजही त्यावर होतं. नुसतं ऐकून टाइप करायला ओट्रान्स्क्राइब ब्राउझरमध्ये चालतं, तेही फुकट. प्रीमियर प्रो तुमच्या एडिटरकडे असेलच, त्यात २०२१ पासून आवाजाचा मजकूर करायची सोय वर्गणीतच मिळते, पण मी वापरलं तेव्हा भाषांच्या यादीत हिंदी होती आणि मराठी नव्हती. दा विंची रिझॉल्व्हची २९५ डॉलरची स्टुडिओ आवृत्ती फक्त सबटायटल्ससाठी घेऊ नका, तिथेही मराठीची तीच अडचण. मोठ्या स्टुडिओंत चालणारं व्यावसायिक सबटायटलिंगचं सॉफ्टवेअर ज्यांना वाहिन्यांच्या आणि ओटीटीच्या खास फाइल लागतात त्यांच्यासाठी आहे. तुमचे भाग इंटरनेटवर जाणार आहेत, तिथे एसआरटी पुरते.

मराठी सबटायटल्सच्या वेळी एक गोष्ट तुम्हाला छळणार आहे, ती आताच सांगते. सॉफ्टवेअर ओळीतली अक्षरं मोजतं आणि ओळ लांब झाली, वाचायला वेळ कमी पडला, की लाल करतं. ४२ अक्षरांची ओळ हे माप रोमन लिपीतून आलंय. देवनागरीत कॉम्प्युटर काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजतो. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, मशीनला ते सहा दिसतं. ‘संपाच्या’ म्हणजे आपली तीन अक्षरं, मशीनची आठ. त्या लाल रंगाला घाबरून लोक वाक्य कापतात, आजोबांच्या तोंडचे ‘म्हंजे बघा’, ‘काय सांगू’ काढून टाकतात. काढू नका. पडद्यावर ओळ मोबाइलच्या रुंदीत बसते का ते डोळ्यांनी बघा, आणि एकदा मोठ्याने वाचून बघा. वाचून होईपर्यंत ओळ पडद्यावर असेल तर ती बरोबर आहे.

‘वाऱ्याचा’, ‘कोऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ मशीन अनेकदा ‘र्य’ करून ठेवतं. संपूर्ण फाइलमध्ये एकदा शोधून बदलून घ्या. ‘केले’ की ‘केलं’ हेही पहिल्याच दिवशी ठरवा, कारण मशीन एकाच परिच्छेदात दोन्ही लिहितं. बोललेलं आहे, तर ‘केलं’ ठेवा. आणि तुमच्याकडे कोणी आधी टाइप करून ठेवलेले कागद जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर ते बदलून घ्यायला वेळ धरा. बदलताना ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

इंग्रजी सबटायटल्स मशीनवर सोडू नका. व्हिस्पर मराठीतून थेट इंग्रजी करून देतं, फुकटात पडतं, म्हणून मोह होतो. पण ‘चाकरमानी गणपतीला गावाक गेलो’ यातला चाकरमानी नोकर होऊन येतो. आणि तुमच्या मुलाखतींत ‘डॉक्टर’ हा शब्द सतत येणार. संपाचे नेते दत्ता सामंत यांना कामगार डॉक्टर म्हणत. ते खरोखरच डॉक्टर होते. ‘डॉक्टर म्हणाले, माघार नाही’ हे वाक्य इंग्रजीत दवाखान्यातलं होऊन जातं. ज्याला गिरणगाव माहीत आहे आणि इंग्रजी चांगलं येतं, असा अनुवादक शोधा. मिनिटाला १०० रुपये धरले तर दहा भागांच्या २०० मिनिटांचे २०,००० होतात. मराठी सबटायटल्सच्या ओळी पाडणं आणि वेळा बसवणं, याला एका भागाला चार तास धरा: दहा भागांचे चाळीस तास, १२,००० रुपये.

पैसे वाचवण्याच्या एका मार्गाबद्दल मात्र तुम्हाला अडवते. हल्ली काम देणारे म्हणतात, मशीनने मजकूर काढलाच आहे, तुम्ही फक्त नजर टाका, म्हणून दर निम्मा. आणि तो रेकॉर्डिंगच्या मिनिटावर बांधतात. बारा तासांच्या त्या मोबाइलच्या ढिगात मिनिटाचा दर घेणारी मुलगी एक तर उपाशी राहील, नाही तर ऐकल्याशिवाय पुढे जाईल. दुसरं झालं तर तुमच्या हातात ‘त्रासात बदलीवर’ राहतं. प्रत्यक्ष लागलेल्या तासांवर पैसे द्या आणि कोणत्या फाइलला किती वेळ लागला ते लिहून घ्या. रुईया, रुपारेल, कीर्ती या भागातल्या कॉलेजांत मराठीची मुलं आहेत. त्यांतल्या कोणाचे आजोबा गिरणीत होते ते विचारा, एकदोघं निघतीलच.

आता सगळं एकत्र मांडते. मशीनचं बिल करासकट साधारण १,५५०. उतरवणं आणि दुरुस्ती ५५,८००. मराठी सबटायटल्स १२,०००. इंग्रजी २०,०००. एकूण ८९,३५०. उरलेल्या दहा हजारांतून दोन हार्ड डिस्क घ्या, मूळ रेकॉर्डिंगच्या दोन प्रती करा आणि एक तुमच्या घरापासून लांब ठेवा. पावसाळ्यात तळमजल्यावर तर अजिबात नको.

पण लगेच चाळीसच्या चाळीस तास कुठेही चढवू नका. प्रत्येक ढिगातून दहा-दहा मिनिटं काढा, त्यातही सगळ्यात वाईट ऐकू येणारी. ती तीस मिनिटं व्हिस्परला आणि सर्वमला द्या, खर्च तीस-चाळीस रुपये. दोन्हींचा मजकूर एकाच माणसाकडून दुरुस्त करून घ्या, पण वेगवेगळ्या दिवशी, घड्याळ लावून, आणि एकदा याची सुरुवात आधी, एकदा त्याची, म्हणजे ओळखीच्या मजकुराचा फायदा एकालाच मिळणार नाही. ज्याच्या दुरुस्तीला कमी वेळ लागला, तेच घ्या, त्याचा दर दुप्पट असला तरी. कॅसेटच्या तुकड्यात दोघांनीही हात टेकले तर तो ढीग तिथल्या तिथे हाताने उतरवायला द्या, आणि शब्दांची यादी त्याच ढिगातून काढायला सुरुवात करा. जुनी माणसं, जुनी रेकॉर्डिंग, खात्यांची नावं तिथेच सगळ्यात जास्त सापडतील.

त्या तीस मिनिटांच्या वेळा हातात आल्या की मला कळवा. १८६ तासांचा अंदाज मी माझ्या वेगावर बांधलाय, तुमच्या माणसांच्या वेगावर तो पुन्हा मांडून देईन.